लेव्हलपुरतं

विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुस्तकं वर होती आणि आवाज खाली. तळघरात पूर्वी जुन्या वर्तमानपत्रांचे बांधीव गठ्ठे धूळ खात पडलेले असायचे. आता तिथे माध्यम कक्ष होता. जाड काचेमागे ध्वनिमुद्रणाच्या दोन खोल्या, कॅमेरे उसने देण्याचं काउंटर, संपादनासाठी ओळीने मांडलेले संगणक आणि एक हिरवी भिंत. त्या भिंतीपुढे प्राध्यापक मंडळी उभी राहिली की त्यांच्या मागे हवा तो समुद्र नाहीतर हवा तो फळा लावता येई. हा सगळा संसार एकटीने ओढणारी बाई म्हणजे मावशी. तिचं खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण ते कोणी वाचत नसे. तिची सख्खी भाची इथे शिकायला आली, पहिल्याच दिवशी काउंटरपाशी येऊन "मावशी!" म्हणून ओरडली, आणि तेव्हापासून ती अख्ख्या विद्यापीठाची मावशी झाली. कुलगुरूही एकदा भाषणाच्या गडबडीत "मावशी, माझा माइक कुठंय?" असं म्हणून गेले, आणि मग उरलेल्यांची भीड चेपली.

मावशी कामाला वाघ होती आणि जिभेलाही. कॅमेऱ्याच्या काचेवर बोटांचे ठसे घेऊन कोणी परत आला तर ती त्याला असं झापायची, की पुढच्या खेपेला तो कॅमेरा तान्ह्या बाळासारखा धरून आणायचा. पण एकदा का माणूस काचेपलीकडे माइकसमोर बसला, की तिचा सूर बदलायचा. तिथे बसलेला माणूस घाबरलेला असतो हे तिला ठाऊक होतं. वर्गात तासन् तास बोलणारे लोक त्या छोट्या खोलीत शिरले की त्यांच्या तोंडाला कोरड पडायची.

खरं ध्वनिमुद्रण सुरू होण्याआधी लेव्हल घ्यावी लागते. म्हणजे माणसाला जरा बोलतं करायचं आणि त्याचा आवाज किती चढतो, किती उतरतो, ते बघून यंत्राचा कान त्याच्याशी जुळवून घ्यायचा. सगळीकडे लोक त्यासाठी "एक, दोन, तीन" म्हणतात. मावशीला त्याचा मनस्वी तिटकारा. "आकडे मोजताना माणूस वाण्यासारखा बोलतो," ती म्हणायची. "मला तुझा आवाज पाहिजे, पाढे नकोत." मग ती काचेपलीकडून बटण दाबून विचारायची, "घरी सध्या काय चाललंय?"

एवढ्या साध्या प्रश्नाने काय काय बाहेर पडायचं! रसायनशास्त्राच्या एका गंभीर प्राध्यापकांनी सांगितलं होतं की बायको दिवाळं निघाल्यासारखं तोंड करून बसली आहे आणि का ते विचारायची त्यांची छाती होत नाही. एक संशोधक मुलगी घराचं नाव काढताच ढसाढसा रडली होती. मावशी ऐकायची, खालीवर होणाऱ्या हिरव्या रेघांकडे बघायची, एखादं बटण जरासं फिरवायची. दारावरचा लाल दिवा तेव्हा बंद असायचा. दिवा लागला की काम, दिवा नसताना जे बोलाल ते लेव्हलपुरतं, असा तिथला कायदाच होता. आणि तो पाळला जातोय हे दिसावं म्हणून ती संगणकाचा पडदा काचेकडे वळवायची आणि तो तुकडा बोलणाऱ्याच्या डोळ्यांदेखत पुसून टाकायची. "गेलं बघा. आता तुमची बायको आणि तुम्ही." त्यानंतर दिवा लागे आणि माणूस मोकळ्या आवाजात बोलू लागे.

तिचा दुसरा कायदा संपादनाचा होता. विचारणारा कापायचा. मुलाखत घेणाऱ्या मुलांना स्वतःचा आवाज फार आवडतो, म्हणून हा कायदा ती त्यांच्या डोक्यात अक्षरशः ठोकून बसवायची. "ऐकणाऱ्याला तू दिसत नाहीस. त्यामुळे 'तू', 'तुला', 'तुझं' करून समोरचा जे काही तुझ्याशी बोललाय ते सगळं काढ. उरेल ती गोष्ट." मुलं हळहळत कापायची आणि तुकडा खरोखर सुधारायचा. याही बाबतीत तिचा शब्द कधी खोटा पडला नव्हता.

भाचीचं नाव टिटवी. ते मावशीनेच पाडलं होतं, कारण जन्मल्यापासून ती पोर वेळीअवेळी किंचाळून घर डोक्यावर घ्यायची. आता मोठी झाली, केस कापले, चष्मा लागला, माध्यमांचं शिकायला लागली आणि मावशीच्याच घरी राहायला आली. मावशीने लग्नाचं जमत होतं तेव्हा मनावर घेतलं नाही आणि मनावर घेतलं तेव्हा जमलं नाही. त्यामुळे घराच्या दोन खोल्यांत आजवर एकच चहाचा कप विसळला जायचा. टिटवी आल्यावर ओला टॉवेल खुर्चीवर, चप्पल दारात आडवी, स्नानगृहात गाणी. मावशी दिवसभर करवादायची आणि मनातून सुखावायची. पोटच्या पोरीसारखी म्हणतात तसं नव्हतं. टिटवीची आई, मावशीची थोरली बहीण, चांगली ठणठणीत होती आणि आपला हक्क सोडणारी नव्हती.

ताई दूरच्या गावी शाळेत शिकवायची. दर रविवारी सकाळी तिचा फोन यायचा. आधी टिटवीच्या तक्रारी, मग गुडघ्यांच्या, मग शाळेतल्या बाईंच्या. आणि फोन ठेवायच्या आधी, बोलायचं सगळं संपलं की, ताई हमखास एकदा आईवर यायची. "काही म्हण, आई शांत गेली हे एक बरं झालं गं. झोपेत गेली. माझी वाट बघत बसली असती तर मी कुठे तोंड दाखवलं असतं?" मावशी म्हणायची, "हो ना." मग फोन ठेवायची आणि थोडा वेळ हातातलं काम विसरून उभी राहायची. ताई त्या एका गोष्टीच्या आधारावर उभी होती, आणि ती गोष्ट मावशीने रचलेली होती.

हे टिटवीला कळलं ते असं. ग्रंथालयाने नवा माइक घेतला होता. ग्रंथपाल बाईंना पुस्तकांपेक्षा उद्घाटनं जास्त प्रिय, त्यामुळे दुपारी पाहुण्यांसमोर तो चालू करून दाखवायचा होता. सकाळी मावशी म्हणाली, आधी मी बसते, तू बाहेरून बघ. टिटवी यंत्रापाशी बसली, मावशी काचेआड. दिवा बंद. टिटवीने बटण दाबलं आणि मावशीचीच नक्कल करत विचारलं, "घरी सध्या काय चाललंय?"

मावशी हसली. पण त्या सकाळी खरंच काहीतरी झालं होतं, आणि ते तिच्या ओठांवरच होतं.

"घरी काय," ती म्हणाली. "आज सकाळी दार वाजलं आणि मी आतूनच विचारलं, आली का? विचारलं आणि माझी मीच दचकले. तो आवाज माझा नव्हता, आईचा होता. शेवटच्या आजारात आई तेच विचारायची. डॉक्टर येवोत, दूधवाला येवो, नुसता वारा येवो, दार वाजलं की मान वळवायची. आली का? ताईची वाट बघायची. शेवटच्या दिवशी तर दार वाजलंसुद्धा नव्हतं, तरी विचारलं. ताई आली नाही. आणि मी ताईला काय सांगितलं? आई झोपेत गेली. शांत गेली. कोणाची आठवणसुद्धा काढली नाही. इतकी वर्षं तेच सांगतेय. दर रविवारी."

काचेपलीकडे टिटवीचं तोंड उघडं राहिलं होतं. मावशीला ते दिसलं आणि ती तिच्याशी बोलू लागली.

"अगं, ताई येणार कशी? तू पोटात होतीस ना, टिटवे. डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, कूस बदलायची झाली तरी विचारून बदला. आणि तुझी आजी, एवढी वाट बघत होती, पण मला जवळ बोलावून म्हणाली, मी विचारते ते तिला कळू देऊ नकोस हं. ऐकलं तर उठून येईल ती. तिला म्हणावं, तुझं सांभाळ. तुझं म्हणजे तू. म्हणून खोटं बोलले. मग तू झालीस, किंचाळायला लागलीस, आणि खरं सांगायचं राहूनच गेलं."

एवढं बोलून तिने नाक पुसलं. "मिळाली ना लेव्हल? पुसून टाक ते."

"पुसते ना, मावशी."

तेवढ्यात वरून ग्रंथपाल बाईंचा फोन आला की फुलदाणी कुठे ठेवायची. मावशी बडबडत जिना चढली. पडदा वळवून दाखव, असं ती टिटवीला म्हणाली नाही. परक्या माणसांना दाखवून पुसायचं असतं, घरच्यांना कशाला?

सत्राच्या शेवटी माध्यम विभागाच्या मुलांचा ऐकण्याचा कार्यक्रम व्हायचा. ग्रंथालयाच्या मोठ्या दालनात पडदे ओढायचे, टेबलं भिंतीला लावायची, खुर्च्या मांडायच्या, आणि मुलांनी केलेले आवाजाचे तुकडे मोठ्या स्पीकरवर एकामागून एक ऐकवायचे. मुलांच्या घरची माणसं येत. टिटवीचा तुकडा शेवटचा होता, म्हणजे सगळ्यांत चांगला ठरलेला. महिनाभर ती त्यावर काम करत होती, पण मावशीला ऐकू द्यायला तयार नव्हती. "तुझ्यासाठी सरप्राइज आहे," म्हणायची. मावशीने ताईला फोन करून सांगितलं, "शाळेतून सुट्टी काढ आणि ये. पोरीने काहीतरी मोठं केलंय." ताई आली. नवी साडी नेसून, पुढच्या रांगेत, मांडीवर पर्स घट्ट धरून बसली.

मावशी मागे आवाजाच्या टेबलाशी होती. प्रत्येक तुकड्याचा आवाज दालनाला बेतशीर पोचावा म्हणून समोरची पट्टी बोटाने खालीवर सरकवणं हे तिचं काम. टिटवीच्या सरांनी शेवटच्या तुकड्याचं नाव वाचून दाखवलं. "आली का?"

मावशीच्या मनात काहीच आलं नाही. आधी दाराची कडी वाजली. छान घेतलाय आवाज, तिला वाटलं, अगदी आपल्या घरच्या कडीसारखा. मग एक बाई बोलू लागली. शेवटच्या आजारात आई तेच विचारायची, असं म्हणू लागली. मावशी दुसऱ्याचा आवाज शिंकेवरून ओळखायची, पण स्वतःचा तिला लगेच ओळखू आला नाही. तो कुणालाच येत नाही. कोण बरं ही, असं ती क्षणभर खरोखर म्हणाली. पुढच्या रांगेतली ताईची मान ताठ झाली, तेव्हा तिला कळलं.

पट्टी तिच्या बोटाखाली होती. एक झटका खाली दिला असता तर दालन गप्प झालं असतं. यंत्र बिघडलं म्हणता आलं असतं, कोणी शंकाही घेतली नसती. पण त्याऐवजी जे घडलं ते तिला पुढे कधीच विसरता आलं नाही. "आणि मी ताईला काय सांगितलं?" इथे स्पीकरमधला आवाज एकदम उतरला. आवाज उतरला की बोटाने तो उचलायचा, ही इतक्या वर्षांची सवय. तिच्या बोटाने पट्टी वर सरकवली. "आई झोपेत गेली. शांत गेली. कोणाची आठवणसुद्धा काढली नाही." शब्द न् शब्द शेवटच्या रांगेपर्यंत लख्ख पोचला. "इतकी वर्षं तेच सांगतेय. दर रविवारी." पुन्हा कडी वाजली. "आली का?" आणि संपलं.

पुढचं कुठे होतं? मावशी वाट बघत राहिली. तू पोटात होतीस. तिला म्हणावं, तुझं सांभाळ. स्पीकरमधून नुसती शांतता आली आणि मग टाळ्या. टाळ्या थांबेचनात. कोणीतरी रुमाल काढला. सर मागे वळून मावशीच्या दिशेने हात जोडून उभे राहिले, कारण त्यांनी आवाज ओळखला होता. "असा आवाज शिकवून येत नाही, मावशी!" ते तिथूनच म्हणाले. पुढे टिटवी लाजून हसत उभी होती. ताईची खुर्ची रिकामी होती.

ताई भेटली ती बाहेर, नियतकालिकांच्या कपाटांमधल्या बोळात. पर्स अजून तशीच पोटाशी धरलेली.

"ताई, ऐक माझं."

"ऐकलं की. सगळ्यांनीच ऐकलं." ताईचा आवाज वर्गात मुलांना गप्प करतानाचा होता. "शेजारची बाई मला म्हणाली, काय एकेक मुली असतात बघा, आई मरायला टेकली तरी येत नाहीत. तिला माहीत नव्हतं, पण म्हणाली."

"ते अर्धं होतं गं. पुढचं कापलंय तिने." आणि मावशीने भडाभडा सगळं सांगितलं. डॉक्टरांची बंदी, आईने जवळ बोलावणं, तिला कळू देऊ नकोस म्हणणं, तुझं सांभाळ म्हणणं. सांगता सांगता तिला ऐकू येत होतं की आपण फार घाई करतोय, विनवणीच्या सुरात बोलतोय. पण थांबता येत नव्हतं.

ताईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "हे आई म्हणाली होती?"

"माझ्या गळ्याची शपथ."

"आणि हे तू त्या माइकवर बोललीस?"

"बोलले. टिटवीशीच बोलले."

टिटवी तेव्हा बोळाच्या तोंडाशी येऊन उभी होती. हातात फुलं होती, सरांनी दिलेली. ताई तिच्याकडे वळली. "कुठाय ते? लाव. मला ऐकायचंय."

टिटवीचा चेहरा उतरला. "ते नाहीये, आई. मी... मूळ पुसून टाकलं. मावशीला शब्द दिला होता ना, पुसते म्हणून."

मावशीला वाटलं, आपण ऐकण्यात चुकलो. दिलेला शब्द पोरीने पाळला होता. फक्त आधी त्यातून तिला हवं तेवढं काढून घेतलं होतं.

"पण पुढचं का कापलंस?" मावशीने कसंबसं विचारलं.

"तूच नाही का सांगितलंस?" टिटवी रडवेली झाली. "विचारणारा कापायचा. ते सगळं तू माझ्याशी बोलली होतीस. तू, तुला, तुझं. ऐकणाऱ्याला कळलं नसतं. आणि ते ठेवलं असतं तर ती माझीच गोष्ट झाली असती. मला वाटलं, आपण त्यात नसावं."

ताईने हे सगळं ऐकलं आणि मान हलवली, एखाद्या मुलाने वही घरी राहिली म्हणून सांगावं तशी. मग धाकट्या बहिणीच्या खांद्यावर हात ठेवला. त्या हाताला वजन नव्हतं.

"तू सांगतेस ते खरं असेलही," ती म्हणाली. "पण मला बरं वाटावं म्हणून तू इतकी वर्षं खोटं बोललीस, दर रविवारी, आणि मला एकदाही संशय आला नाही. इतकं छान बोललीस. आता हेही मला बरं वाटावं म्हणूनच बोलत नसशील, हे मी कशावरून धरू?"

ताईने पदर सारखा केला आणि ती बसस्टँडकडे निघून गेली. लेक मागे धावली, तिलाही तिने हातानेच परत पाठवलं.

घरी आल्यावर मावशी फुटली. "केसाने गळा कापलास माझा," ती म्हणाली. "चोराने केलं असतं तर मी कुलूप लावलं असतं. तू घरातली. माझ्या ताटात जेवलीस, माझ्या यंत्रावर शिकलीस, आणि माझ्याच सुरीने मला कापलंस!"

"नावं कुठे होती त्यात?" टिटवी हुंदके देत म्हणाली. "आणि आईला कळावं असं वाटलं मला. तुमच्या दोघींमधलं ते एकदाचं निघून जाईल म्हणून."

"आणि सरांना आवडलं म्हणून नाही?"

टिटवीने चष्मा काढून पुसला. खोटं बोलायची अक्कल तिला नव्हती, हे एक त्यातल्या त्यात बरं. ती म्हणाली, "तेही होतं. तू कधीच तसं बोलत नाहीस, मावशी. दिवा लागला की तूसुद्धा बातम्या दिल्यासारखी बोलतेस. तेवढा भाग इतका खरा होता, माझ्याच्याने पुसवेना."

मावशीला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. पण त्याहून जास्त राग तिला आला तो स्वतःचा. तो प्रश्न तिचा, तो बंद दिवा तिचा, तो कापण्याचा कायदाही तिचा. पोरीने प्रत्येक गोष्ट तिच्याकडूनच शिकून घेतली होती. फक्त पडदा वळवून दाखवायचं काय ते राहिलं होतं.

रविवारी फोन वाजला नाही. मावशीने सकाळभर तो ओट्यावर, मग खिडकीत, मग मांडीवर ठेवून बघितला. शेवटी तिने स्वतः लावला. पलीकडे घंटी वाजत राहिली आणि थांबली. टिटवी दारात उभी राहून हे बघत होती. चप्पल तिने सरळ लावली होती, टॉवेल दोरीवर होता. असलं शहाणपण बघून मावशीला आणखीच भरून आलं.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालय उघडायच्या सुमारास टिटवी तिच्या मागोमाग तळघरात आली. "मावशी, एक करूया का? तू तेवढंच परत बोल. आजी काय म्हणाली ते. मी कुठेही जोडत नाही, काही करत नाही. नुसतं आईला पाठवू. ती ऐकेल ना."

मावशीला हे ऐकून संताप यायला हवा होता. पण फोन न उचलणाऱ्या ताईपुढे संतापाचं काही चालेना. ती काचेआड जाऊन बसली. लाल दिवा लागला.

"ताई," ती म्हणाली, "आई मला जवळ बोलावून म्हणाली होती..." आणि थांबली. पुन्हा सुरू केलं. मग पुन्हा. एकदा संथ बोलली, एकदा भरभर. एकदा डोळे मिटून. टिटवीने तिला ऐकवलं तेव्हा दोघींनी एकमेकींकडे बघायचं टाळलं. शब्द सगळे खरे होते. पण कोणा विद्यार्थ्याने असा तुकडा आणला असता तर मावशीने त्याला तोंडावर सांगितलं असतं, हे पाठ केलेलं आहे, परत कर. ताईने हे ऐकलं असतं तर हेही खोटंच आहे अशी तिची खात्री पटली असती.

मग टिटवीला युक्ती सुचली, आणि ती सुचल्याचा आनंद तिच्या तोंडावर अगदी लहानपणीसारखा दिसला. तिने हात लांब करून दिवा बंद केला. यंत्र चालूच ठेवलं. पडदा मात्र मावशीला दिसेल असा काचेकडे वळवला. वाकून बटण दाबलं.

"मावशी, दिवा नाहीये बघ. लेव्हलपुरतंच बोल." तिने बटण दाबूनच धरलं. "घरी सध्या काय चाललंय?"

मावशीने काचेतून तिच्याकडे पाहिलं. पोरगी दोन्ही हात टेबलावर ठेवून, चष्म्याआडचे डोळे मोठे करून वाट बघत होती. तिच्यावरचा जीव काही कमी झाला नव्हता, हेच तर दुखत होतं. आई, दार, रविवार, न उचललेला फोन, सगळं मावशीच्या ओठांवर आलं होतं. नुसतं तोंड उघडायचा अवकाश होता. तिने माइक जरा जवळ ओढला आणि घसा खाकरला.

"एक," मावशी म्हणाली. "दोन. तीन. चार."